तक्त्यातून खोडलेला क्वेसार

माझ्या भावाचा पीएच.डी.चा प्रबंध मी टाइप केला, आणि टाइप करताना त्यातला एक क्वेसार खोडून टाकला. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. पण भाऊ सांगतो तेव्हा तिच्यात मी जरा जास्तच अडाणी असते आणि तो जरा जास्तच शांत असतो. म्हणून एकदा माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा भूमला राहत होतो. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी, मी सहकारी दूध संघाच्या कचेरीत टंकलेखिका आणि दादा पुण्याला. तो तारे-दीर्घिकांच्या अभ्यासात होता. वडील लोकांना सांगायचे, ‘‘पोरगं आभाळाचं शिकतंय.’’ त्या वर्षांत घरात आभाळाचं शिकणारं माणूस असणं सोपं नव्हतं. पावसानं पाठ फिरवलेली. दादा सुट्टीला आला की विहारापासून बाजारापर्यंत जो भेटेल तो विचारायचा, ‘‘औंदा पडंल का?’’

‘‘मी फार लांबचं बघतो हो,’’ दादा म्हणायचा.

‘‘लांबचंच इचारतोय. जूनचं सांगा.’’

एकदा संघाचे एक संचालक, चांगले मोठे बागायतदार, मुद्दाम जीप थांबवून त्याला विचारून गेले. दादानं त्यांना रस्त्यातच उभं करून समजावलं की आपण बघतो तो प्रकाश कित्येक कोटी वर्षांपूर्वी निघालेला असतो. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला कचेरीत म्हणाले, ‘‘तुमच्या भावाकडं सगळी जुनी बातमी आहे.’’

प्रबंध लिहून झाला, तेव्हा तो टाइप कुणी करायचा असा प्रश्न आला. पुण्यातले टंकलेखक समीकरणं बघूनच नाही म्हणत. माझी इंग्रजी चाळीसची परीक्षा झालेली होती आणि संघात इंग्रजीचं एक जड, जुनं मशीन होतं. दुष्काळात चारा नाही म्हणून जनावरं विकली गेलेली, दूध निम्म्यावर आलेलं, त्यामुळं कचेरीत पत्रव्यवहारही आटलेला. मी मॅनेजर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘पाचनंतर करा. कागद तुमचा, रिबन तुमची. आणि मशीनच्या ई अक्षरावर जोर देऊ नका, ते निखळायला आलंय.’’ इंग्रजीत ई अक्षराशिवाय काय लिहिता येतं हे त्यांनी सांगितलं नाही.

मग पुण्याहून एकेक प्रकरण येऊ लागलं. दादा खाकी पाकीट बार्शीच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचा, तो बार्शीत वडिलांच्या ओळखीच्या दुसऱ्या कंडक्टरला द्यायचा, आणि संध्याकाळी ते तिकिटांच्या पेटीवर बसून आमच्या घरी यायचं. एका प्रकरणाला मिरचीचा वास होता.

दादाचं अक्षर हा वेगळाच विषय आहे. त्याचा एन आणि यू सारखाच. ग्रीक अक्षरं मशीनवर नव्हती, ती जागा मी मोकळी सोडायची आणि नंतर तो काळ्या शाईनं भरायचा. मला समजत काहीच नव्हतं असं मात्र तो सांगतो ते खरं नाही. दोनशे पानं एकेक अक्षर करत बडवली की थोडंफार आत उतरतंच.

विषय असा होता. क्वेसार म्हणजे फार फार दूरच्या दीर्घिकांची धगधगती केंद्रं. इतकी दूर, की मोठ्या दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखा नुसता ठिपका दिसतो. तो प्रकाश आपल्याकडं यायला निघतो आणि वाटेत कधी कधी दीर्घिकांचा एखादा समूह लागतो. शेकडो दीर्घिका एकत्र, त्यांचं वजन प्रचंड. त्या वजनानं प्रकाशाची वाट वाकते. मग मागचा क्वेसार असतो तिथं दिसत नाही, थोडा बाजूला दिसतो. कधी असतो त्याहून तेजस्वी दिसतो. आणि सगळं नेमकं एका रेषेत आलं तर एकाचे दोनसुद्धा दिसतात. दादाचा प्रश्न होता की अशा समूहांच्या आसपास क्वेसार जास्त सापडतात का, आणि सापडत असतील तर ते खरंच जास्त आहेत, की एरवी नजरेत न येणारे मंद क्वेसार समूहामुळं उजळून यादीत शिरलेत. हे मी आज इतकं सरळ सांगते आहे. त्याच्या प्रबंधात याला अडतीस पानं लागली होती.

आता संघातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं आणि का केलं ते कळणार नाही. आदल्या वर्षी संघाची निवडणूक झाली होती आणि मतदार यादी मी टाइप केली होती. तिच्यात एक सभासद दोनदा आला. एकदा भूमचा म्हणून, एकदा सासुरवाडीच्या गावचा म्हणून. आडनावात एका अक्षराचा फरक. तो दोन्हीकडं मत देऊन आला आणि पकडला गेल्यावर म्हणाला, ‘‘दोनी मीच हाय, पर म्हशी दोनीकडं हायेत.’’ पडलेल्या पॅनलनं कचेरीसमोर ठिय्या दिला. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं आणि आवाज न चढवता जे बोलले ते मला आठवडाभर जेवू देईना. त्यानंतर त्यांचा नियम झाला : यादी टाइप करताना डोळे उघडे ठेवायचे, दुबार नोंद दिसली की खोडायची, अनुक्रमांक सुधारायचे, बेरीज जुळवायची, आणि मगच कागद त्यांच्याकडं न्यायचा. मी त्यात इतकी तयार झाले की बाजारात एकसारख्या साडीतल्या दोन बायका दिसल्या तरी मनात खटकायचं.

आणि अशा वेळी दादाच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण आलं. त्यात समूहांच्या जवळ दिसणाऱ्या क्वेसारांचा लांबलचक तक्ता होता. क्वेसारांना नावं नसतात, आकडे असतात. आकडा, आकाशातली जागा, तेज, आणि ताम्रसृती, म्हणजे त्याचा प्रकाश लाल रंगाकडं किती सरकला आहे ते. त्यावरून तो किती लांब ते कळतं. ओळीमागून ओळ मी टाइप करत गेले आणि मधेच थांबले. दोन ओळी एकाखाली एक. आकडा तोच. जागा तीच. ताम्रसृती तीच. तेजात चिमूटभर फरक, आणि आकड्यापुढं एकाला ए, एकाला बी.

मला आपली भूम आणि सासुरवाडी आठवली.

दादानं रात्री जागून तक्ता उतरवला असणार, डुलकी लागली असणार, एकच ओळ दोनदा लिहिली असणार. बिचारा. मी बी खोडला. उरलेल्याच्या आकड्यापुढचा ए सुद्धा काढला, कारण एकटाच असला तर ए कशाला हवा. खालचे अनुक्रमांक सगळे एकानं वर घेतले. मजकुरात एकूण किती क्वेसार ते तीन ठिकाणी आलं होतं, तिन्ही ठिकाणी आकडा एकानं कमी केला. आणि मोठ्या समाधानानं पाकीट बांधून वडिलांच्या हातात दिलं. दादाला सांगितलं नाही, कारण तो चूक दाखवल्यावर फार खजील होतो असं तेव्हा मला वाटायचं.

दादानं समीकरणं तपासली, ग्रीक अक्षरं भरली, तक्त्याकडं बघितलंही नाही. बेरजा जुळत होत्या ना. प्रकरण त्यानं तसंच त्याच्या मार्गदर्शक सरांना नेऊन दिलं.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, दादा न कळवता भूमला आला. त्या वेळी मी पाण्याच्या रांगेत होते. टँकर नुकताच लागला होता, हंडे-घागरी नळीच्या दिशेनं सरकत होत्या, आणि बायकांचं लक्ष हंड्यांवर कमी आणि कुणाचा नंबर पुढं सरकतोय यावर जास्त. दादा पिशवी खांद्याला लावून थेट स्टँडवरून तिथं आला. चेहरा असा की पुण्यापासून वाक्य पाठ करत आला असावा.

‘‘तू जुळ्यातला एक काढून टाकलास,’’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘‘कुठल्या जुळ्यातला?’’

‘‘आख्ख्या जगात तो एक जुळा गाजतोय. सरांनी मला विचारलं, दुसरा कुठं गेला? मला तोंड उघडता येईना.’’

माझ्यापुढं आमच्या गल्लीतली एक म्हातारी शेजारीण उभी होती. तिनं वळून दादाच्या दंडाला हात लावला. ‘‘कवा गेलं रं लेकरा? किती म्हैन्याचं व्हतं?’’

‘‘तसं न्हाय मावशी,’’ दादा म्हणाला, ‘‘ते आभाळातलं आहे.’’

‘‘आता आभाळातच म्हनायचं बाबा,’’ म्हातारी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. पुढच्या दोघी-तिघींनी वळून बघितलं. एकीनं आमच्या हंड्याला नंबर आधी दिला. दादा समजावायला लागला, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. त्या उन्हाळ्यात आधी मिळालेला नंबर कुणी परत करत नव्हतं.

हंडे भरले. दादानं एक खांद्यावर घेतला, मी एक डोक्यावर. भांडण घरापर्यंत चालत राहिलं, फक्त पाणी सांडू नये म्हणून दोघंही हळू बोलत होतो.

‘‘तो एकच आहे का दोन आहेत?’’ मी विचारलं.

‘‘एकच आहे.’’

‘‘मग मी एक ठेवला. चुकलं कुठं?’’

‘‘आहे एक, पण दिसतात दोन. तक्त्यात दिसतं ते लिहायचं असतं.’’

‘‘आमच्या संघात आहे ते लिहितात. दिसतं ते लिहिलं म्हणून तर निवडणुकीत गोंधळ झाला.’’

‘‘हे संघाचं काम आहे का?’’

‘‘मशीन संघाचंच आहे.’’

यावर त्यानं खांदा बदलला. त्याचा हंडा माझ्यापेक्षा भरलेला होता.

घरी आईनं चहा टाकला. दादानं वहीतलं पान फाडलं, त्यावर पेननं एक ठसठशीत ठिपका काढला आणि चहाचा जाड बुडाचा काचेचा ग्लास त्यावर ठेवून आम्हा सगळ्यांना वरून बघायला लावलं. ग्लास जरा इकडं सरकवला की ठिपका लांबट व्हायचा, जरा तिकडं सरकवला की त्याचे दोन व्हायचे. नेमक्या जागी आणला तर ठिपक्याची फुटकी बांगडीच दिसायची.

‘‘ठिपका म्हणजे क्वेसार,’’ दादा म्हणाला. ‘‘हे काचेचं बूड म्हणजे मधली मोठी दीर्घिका आणि तिच्या भोवतीचा समूह. ठिपका मी एकच काढलाय, बघितलं ना तुम्ही?’’

आईनं बराच वेळ बघितलं. ‘‘मग दुसरा खोटा म्हन की.’’

‘‘खोटा नाही माय. दोन्हीकडून येणारा उजेड त्याचाच आहे. वाटा दोन आहेत.’’

‘‘मग एवडं लांबून आलास ते हिला रागवायला, का आमाला गिलास दावायला?’’

वडील तोवर कोपऱ्यात बसून गणवेशाची बटणं तपासत होते. ते म्हणाले, ‘‘एक सांग. येडशीहून दोन गाड्या एकाच टायमाला सुटल्या. एक येरमाळ्यावरून आली, एक बार्शीला वळसा घालून आली. भूमला एकाच टायमाला लागतील का?’’

‘‘नाही लागणार.’’

‘‘मग तुझ्या त्या दोघातला एक आधी आन एक मागून येत आसंल.’’

दादानं वडिलांकडं बघितलं. मला तो चेहरा चांगला आठवतो. त्या एका गोष्टीवर त्याचं आख्खं सहावं प्रकरण होतं. क्वेसाराचं तेज कमी-जास्त झालं तर ते एका प्रतिमेत आधी दिसणार आणि दुसरीत नंतर, आणि ते अंतर नक्की किती हे तेव्हा मोठमोठ्या दुर्बिणीवाल्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

‘‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘अठरा वर्सं झाली गाडीवर,’’ वडील म्हणाले आणि पुढचं बटण बघायला लागले.

चहा झाला. मी भांडी आवरताना दादाला म्हटलं, ‘‘तक्त्याचं राहू दे. तक्त्यात दोन लिही. पण पुढं तू मोजणी केली आहेस, समूहाजवळ किती क्वेसार सापडले त्याची. तिथं हा एकदा धरलास का दोनदा?’’

हे मी काही फार विचार करून बोलले नव्हते. मला फक्त त्या तीन ठिकाणच्या बेरजांची काळजी होती. परत सगळीकडं आकडे वाढवायचे म्हणजे तीन पानं नव्यानं टाइप करायची.

दादानं पिशवीतून मूळ हस्तलिखित काढलं, भिंतीला टेकून बसला आणि पानं उलटत राहिला. दुपार झाली. आईनं भाकरी वाढली, तर ताट बाजूला सरकवून तो पेन्सिलीनं काहीतरी करत होता. शेवटी म्हणाला, ‘‘दोनदा धरलाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे समूहाजवळ क्वेसार जास्त सापडतात असं मी दाखवतोय, आणि त्या जास्तीत मी एकालाच दोन वेळा उभा केलाय.’’

मला हसू आलं. मी ते दाबलं, असं मी म्हणते. दादा म्हणतो की मी दाबलं नाही. तो उठून बाहेर गेला आणि तासाभरानं परत आला तेव्हा केस कापून आला होता. काही सुचेनासं झालं की तो न्हाव्याकडं जातो, अजूनही. त्या वर्षी प्रबंधापायी त्याच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशीच त्यानं संध्याकाळची गाडी धरली. मला वाईट वाटलं. त्याची वर्षानुवर्षांची मेहनत माझ्या एका प्रश्नानं बिघडली असं वाटून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मॅनेजर साहेबांनी विचारलं तर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दुबार नोंदीचा भाग पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, ‘‘तुम्ही खोडलं ते नियमाला धरून. पण खोडण्याआधी सभासदाला विचारायचं असतं. ते राहिलं.’’

आठवड्यानं दादाचं पत्र आलं. सरांना त्यानं सगळं सांगितलं होतं, टँकरच्या रांगेसकट. सर हसले म्हणे, आणि मग बराच वेळ हसले नाहीत. त्यांनी असं ठरवून दिलं : तक्त्यात दोघंही ठेवायचे, दोन ओळींना मिळून एक कंस घालायचा आणि खाली टीप द्यायची की हा एकच क्वेसार आहे. मोजणीत मात्र तो एकच धरायचा. नव्या मोजणीनं दादाचा निष्कर्ष पडला नाही. फक्त त्याचा आवाज खाली आला. आधी ‘स्पष्टपणे दिसून येते’ असं होतं, तिथं ‘असे सूचित होते’ असं आलं. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, ‘यापुढे काही खोडण्यापूर्वी पोस्टकार्ड टाकावे.’ पाकिटात पंचवीस कोरी पोस्टकार्डं होती, सगळ्यांवर पुण्याचा पत्ता घालून.

पाचवं प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं. कंस मशीनवर लहान होता, दोन ओळींना पुरेना, म्हणून तो मी पट्टी धरून हातानं काढला. सोळा पोस्टकार्डं मी खरंच वापरली. त्यातली तीन नुसती त्याच्या एन आणि यू बद्दल होती. नवव्या कार्डावर मी विचारलं होतं की समूहामागचे मंद क्वेसार उजळून दिसतात, तर संघाच्या अध्यक्षांच्या मागं उभे राहणारे आमचे संचालकही तसेच का. त्याचं उत्तर आलं नाही.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दादानं आरशासमोर उभं राहून जुळ्या क्वेसाराचं सगळं उत्तर तयार केलं होतं. एकदा धरला की दोनदा, का धरला, टीप कुठं आहे. बाहेरगावचे परीक्षक आले, अडीच तास बसले, आणि त्यांनी पाचव्या प्रकरणावर एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं तिसऱ्या प्रकरणाबद्दल, समूहाचं वजन तुम्ही इतकं कसं धरलं म्हणून. दादाला डिग्री मिळाली, पण तो घरी आला तेव्हा जरा नाराजच होता. इतकं चांगलं उत्तर वाया गेलं याचं त्याला दुःख होतं. मग त्यानं ते आम्हालाच म्हणून दाखवलं, चुलीजवळ उभा राहून. वडिलांनी शेवटी विचारलं, ‘‘पास झालास ना?’’

बांधणी केलेली प्रत त्यानं घरी आणली होती. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. वडिलांनी हात धुऊन ती घेतली, जड आहे म्हणाले आणि दोन्ही हातांनी आईकडं दिली. आई साक्षरतेच्या वर्गाला जाऊन मराठी वाचायला शिकली होती, दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, सगळं मोठ्यानं वाचायची. तिनं पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मधूनच एक पान काढून समीकरणावर बोट ठेवलं. मग प्रबंध मिटला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘म्या वाचलं आसतं. पर हिनं समदं विंग्रजीत लिवून ठिवलंय.’’